नवस कुणाचा?

आमच्या घरात दिवस उगवायचा तो सुरीला धार लावण्याच्या आवाजानं. अब्बा फजरची अजान देऊन, नमाज उरकून मशिदीतून परतले की अंगणातल्या काळ्या दगडावर पाणी शिंपडायचे आणि उकिडवे बसून सुरी घासायला लागायचे. रोज काही बकरं कापायचं नसायचं. पण मुलाण्याची सुरी बोथट असणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. बोथट सुरीनं जनावराला त्रास होतो आणि त्याचा जाब वर द्यावा लागतो, असं ते म्हणत. मला तो आवाज अजूनही आवडतो. हे मी मागे एका संशोधक मुलीला सांगितलं, तर तिनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे जरा भेदरून पाहिलं. मॅडम लहानपणच्या कसल्याशा भीतीबद्दल बोलताहेत, असा तिचा समज झाला असावा. मी म्हटलं, बाई, तुझ्या घरी सकाळी मिक्सर लागत असेल, आमच्याकडे सुरी लागायची. लिही तसंच. तिनं लिहिलं की नाही, मला माहीत नाही.

आम्ही मुलाणी. वाटूरच्या चौफुलीवरून आत गेलं की आमचं गाव लागतं, आणि गावाच्या कडेला आमची चार-दोन घरं. गावात कुणाच्याही दारात कोंबडं कापायचं असो की बकरं, हात मुलाण्याचाच लागायचा. अब्बांनी कलमा म्हणून सुरी फिरवल्याशिवाय पाटलाच्या घरी रस्सा शिजत नसे. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, कायद्यात लिहिलेलं नव्हतं, आणि कुणाला त्यात विशेष काही वाटतही नव्हतं. सुगीला आमच्या घरी खळ्यावरून ज्वारी यायची. त्या ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, आणि अम्मा करायची ते चिंचेचं आंबट सार, हे आमचं बारमाही जेवण. ईदचा शीरखुर्मा पाटलाकडे जायचा आणि दिवाळीच्या करंज्या आमच्याकडे यायच्या, यावर मात्र मी एक ओळही जास्त लिहिणार नाही. त्या वाटीवर आणि त्या करंजीवर लोकांनी इतकी भाषणं ठोकली आहेत की आता दोन्हींची चव गेली. शिवाय वाटी कुणी कुणाकडे पाठवली हे सगळे सांगतात. ती घासून परत कोण आणून द्यायचं, हे कुणी विचारत नाही. ते काम माझं होतं.

वाटी परत आणता आणता मी सगळ्या घरांच्या चुलीपर्यंत पोचले, आणि माझ्या अभ्यासाचा पाया तिथं पडला असं मला वाटतं. पण तेव्हा मला ते कळत नव्हतं. मी जालन्याला बी.ए. झाले, पुढे विद्यापीठात समाजशास्त्र घेतलं, आणि एम.फिल.ला विषय निवडायची वेळ आली तेव्हा आमच्या मार्गदर्शक सरांनी मला फार मायेनं समोर बसवलं. म्हणाले, "मैमूना, तुम्ही मुस्लीम समाजातली शिकलेली मुलगी आहात. तलाकवर लिहा. बुरख्यावर लिहा. तुमच्याकडून लोकांना ते हवं आहे." मी म्हटलं, सर, मला कंदुरीवर लिहायचं आहे. सर थोडे नाराज झाले. "तो लोकाचार झाला. इस्लाम पुस्तकात आहे." मी म्हटलं, आमच्या गावात पुस्तक वाचणारे थोडे आहेत आणि कंदुरी जेवणारे सगळे आहेत, मग समाजशास्त्र कुणाचं करायचं? तेव्हापासून सरांनी मला मनातल्या मनात उद्धट ठरवलं असणार. त्यांचं चुकलं नाही, मी होतेच.

कंदुरी म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला आमच्या पिराचा दर्गा आहे. चिंचेचं झाड, चुन्यानं रंगवलेली कबर, आणि भोवती गुडघाभर उंचीची दगडी भिंत. गावातली हिंदू घरं त्या पिराला नवस बोलतात आणि नवस फळला की बकरं देतात. मुलाणी ते हलाल करतो, गडीमाणसं तिथंच चुली मांडून मटण शिजवतात, भाकरी घरोघरून येतात, आणि मलिद्यावर फातिहा, म्हणजे पिराच्या नावानं दुआ, झाली की पंगत बसते. आमच्या गावची रीत अशी की कंदुरीचं मटण भिंतीच्या बाहेर न्यायचं नाही, तिथंच संपवायचं. आणि भिंतीच्या आत बायांनी यायचं नाही. म्हणजे बायांनी पहाटेपासून भाकरी थापायच्या, टोपली डोक्यावर घेऊन भिंतीपर्यंत यायचं, टोपली आत द्यायची आणि वास घेत घरी जायचं. गावातल्या कुठल्याही बाईनं, हिंदू असो की मुसलमान, कंदुरीचं मटण कधी चाखलेलं नव्हतं.

आणि पंगत म्हणजे नुसतं जेवण नव्हे. ग्रामपंचायतीला कोण उभं राहणार, पाणंद रस्ता कुणाच्या बांधावरून जाणार, मुसलमानांच्या गल्लीत नळ कधी येणार, हे सगळं पत्रावळी उचलायच्या आत ठरायचं. ज्याची कंदुरी, त्याच्या शब्दाला त्या वर्षी वजन. ही गोष्ट मला संशोधनातून कळली नव्हती, अम्मा सांगायची. भिंतीपासून परत येताना बायका आपापसात बोलायच्याच की, आज अमक्याची कंदुरी, आता अमकाच पंच होतो बघा. सर म्हणाले, "हे ऐकीव झालं. प्रत्यक्ष पंगतीत बसून तुम्ही निरीक्षण केलं पाहिजे. ते जमत नसेल तर विषय बदला." बायांना आत मज्जाव आहे, हे मीच त्यांना सांगितलेलं होतं. त्यांनी माझ्याच दोरीनं मला बांधलं.

मी गावी आले आणि पंगतीत नाही तर नाही, चुलीपाशी बसले. घरोघर भाकरी थापणाऱ्या बायांशेजारी बसायचं आणि विचारायचं, काकू, तुमच्या घरची कंदुरी झाली ती कशासाठी? आणि मग एकेक बाहेर यायला लागलं. सुनेला दिवस जात नव्हते म्हणून. लेकीला नांदवत नव्हते म्हणून. म्हैस आटली म्हणून. मी विचारायची, नवस कुणी बोललं? उत्तर ठरलेलं, "म्याच की." कुठंही जा, म्याच की. कारभारी बोलले होते का? "त्यास्नी कव्हा सवड व्हती?" आमच्या अम्मानंसुद्धा माझा भाऊ सलीम कावीळ होऊन पडला तेव्हा पिराला नवस बोलला होता, आणि ते तिनं मला पहिल्यांदा त्या दिवसांत सांगितलं, तेही कांदा चिरता चिरता.

त्या वर्षी दादाराव पाटलांच्या घरी कंदुरी निघाली. गावात पहिल्यांदाच सरपंचपद बाईसाठी राखीव झालं होतं, आणि पाटलांनी आपली बायको गोदावरीबाई हिचं नाव पुढं केलं होतं. मी तिला गोदाकाकू म्हणायची. बोलायला तिखट, हातानं सढळ बाई. भिंतींवर कागद लागले होते त्यांवर नाव गोदाकाकूचं आणि फोटो पाटलांचा. त्यांचा धाकटा मुलगा ट्रॅक्टरखाली सापडून कित्येक महिने अंथरुणाला खिळला होता, तो नुकता चालायला लागला होता. पाटलांनी जाहीर केलं की पोराच्या पायासाठी आपण पिराला नवस बोललो होतो, आता अख्ख्या गावाला कंदुरी. मी गोदाकाकूच्या चुलीपाशी गेले. ती म्हणाली, "पोरगं जालन्याच्या दवाखान्यात पडलं व्हतं, तव्हा हे कुठं व्हते? मार्केट कमिटीच्या प्रचाराला गेल्ते. म्या एकली व्हते. खिडकीतून आपल्या पिराच्या दिशेला हात जोडले न् बोलले." एवढं बोलून तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "पर हे लिहू नको मैमू, उगंच भांडान व्हईल." मी म्हटलं, काकू, मी लिहिणार. तिनं नाही म्हटलं नाही. हसली आणि मला गरम भाकरीवर लोणी दिलं.

मी काय विचारत फिरते आहे, ते दोन दिवसांत गावभर झालं. पहिले आले रफीकभाई. वाटूरला त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि मशिदीची नवी कमिटी त्यांनीच बांधली होती. त्यांना उगाच काळं रंगवायची माझी इच्छा नाही. आमच्या गल्लीतल्या मुलींना वाटूरच्या शाळेत जाता यावं म्हणून रिक्षा लावून दिली ती त्यांनीच, आणि मी विद्यापीठात गेले तेव्हा भर चौकात माझं कौतुक केलं तेही त्यांनीच. ते ओसरीवर बसले, अम्मानं चहा दिला, आणि ते अब्बांना म्हणाले, "इस्माईलचाचा, मशिदीत अजान देणारा माणूस कबरीपुढं नवसाच्या बकऱ्यावर फातिहा पढतो, हे कमिटीला पटत नाही. शिर्क आहे हे, अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला मानणं. इस्लाम किताबमध्ये आहे, चिंचेखाली नाही. आणि आता बेटी त्याच्यावर विद्यापीठात लिहून राह्यली. उद्या लोक तेच वाचून म्हणतील, यांचा धर्म असाच."

मी दाराआड उभी होते, ती बाहेर आले. म्हटलं, रफीकभाई, आमचे सर पण हेच म्हणतात, अगदी याच शब्दांत. तुमची दोघांची एकदा भेट घालून द्यायला पाहिजे. अम्मानं मला डोळ्यांनी दटावलं. रफीकभाई रागावले नाहीत, दुखावले. उठताना म्हणाले, "चाचा, यंदा दर्ग्यावर जाऊ नका. आणि बेटी तर बिलकुल नको. नाहीतर अजान दुसऱ्याला द्यावी लागेल. मला ते करायचं नाही, पण मंग माझ्या हातात न्हाई." गल्लीच्या टोकाला जाऊन ते परत वळून बघत होते, हे मला आठवतं.

पाटलांचा निरोप दुसऱ्या दिवशी आला, गड्याबरोबर. मुलाण्याला म्हणावं पोरीला आवर, बाया बिथरवून राह्यली. म्हणजे हिशेब सरळ होता. कंदुरीच्या दिवशी मी भिंतीच्या आत गेले नाही तर माझा विषय गेला. गेले तर अब्बांची अजान जाणार. त्यांचा आवाज गोड होता असं नाही. पण तारुण्यापासून त्यांनी एकही फजर चुकवली नव्हती. थंडीतापातसुद्धा ते कानावर हात ठेवून उभे राहायचे. गावातली हिंदू माणसंसुद्धा त्यांच्या अजानीवर मोट, मग मोटर, सुरू करायची. त्या अजानीवर त्यांचा जीव होता. माझा जीव माझ्या कामावर होता. आज कुणी म्हणेल, एका लघुप्रबंधासाठी एवढं? तो नुसता लघुप्रबंध नव्हता. आम्ही कोण, हे आमच्या वतीनं दुसरेच सांगत होते, किताबवाले आणि कागदवाले. एकदा तरी आमच्या घरातल्या माणसानं सांगायला हवं होतं, आणि ते माणूस बाई असलं तर कुणाची हरकत का असावी, हे मला कळत नव्हतं. अजूनही कळत नाही.

सकाळी अब्बा दगडापाशी बसलेले असताना मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. ते म्हणाले, "बोल." मी विचारलं, अब्बा, फातिहाच्या आधी तुम्ही मोठ्यानं काय विचारता? म्हणाले, "नवस कुणाचा? हेच विचारायचं असतं." आणि उत्तर कुणी द्यायचं? "ज्यानं बोलला त्यानं. सोताच्या तोंडानं." आणि दुसऱ्यानंच दिलं तर? अब्बा सुरी घासत राहिले. "तर नवस पोचत न्हाई. तशीच रीत हाय." मग मी त्यांना एकेक घर सांगायला लागले. शिंद्यांच्या घरचा नवस सुनेचा, उत्तर दिलं सासऱ्यानं. कोल्ह्यांचा म्हातारीचा, उत्तर दिलं मुलानं. सलीमच्या काविळीचा अम्माचा. तिथं तर विचारणारेही तुम्हीच आणि उत्तर देणारेही तुम्हीच. अब्बा, ही भिंत आहे तोवर बाईचा नवस पोचायचा कसा? तुम्ही आजवर पोचवलेत तरी किती?

सुरीचा आवाज थांबला. अब्बा म्हणाले, "माझ्या बापानं असंच विचारलं. त्याच्या बापानं पण." मी म्हटलं, मग तिघांचे मिळून एवढे नवस थकले. चुलीपाशी अम्मा खुदकन हसली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "हौ ना. मांगनेवाले हम, और नाम इनका." अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी राग शोधत होते, पण तिथं वेगळंच काही होतं. आपल्या हातून जनावराला बोथट सुरी लागली असं कळल्यावर त्यांचा चेहरा होई तसा तो झाला होता. त्यांनी सुरी पुसून फडक्यात गुंडाळली आणि उठले.

कंदुरीच्या दिवशी मी गोदाकाकूच्या घरच्या बायांबरोबर भाकरीची टोपली घेऊन निघाले. दर्ग्याच्या वाटेवर कमिटीची दोन माणसं मोटारसायकल लावून उभी होती, कोण जातं ते बघायला. मी त्यांना सलाम केला, त्यांनी नाइलाजानं घेतला. भिंतीपाशी आलो. आतून मसाल्याचा आणि ओल्या लाकडाच्या धुराचा वास येत होता, पत्रावळी मांडून झाल्या होत्या आणि माणसं हात धुऊन बसत होती. बायांनी टोपल्या आत दिल्या. मी माझी टोपली आधी आत ठेवली, मग साडी थोडी वर धरून भिंत ओलांडली आणि पंगतीच्या टोकाला एका मोकळ्या पत्रावळीपुढं मांडी घालून बसले. हात धुणारी माणसं ओले हात तसेच धरून माझ्याकडे वळली. मी पिशवीतून पेन काढलं, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

पाटील म्हणाले, "मुलाणी, पोरीला उठीव." अब्बा लोबान पेटवत होते. मान वर न करता म्हणाले, "ती तिच्या कामाला आली पाटील. परवा तलाठी पंगतीत बसून लिहीत व्हता, त्याला उठिवला का?" कुणीतरी हसलं आणि मग खोकल्यासारखं केलं. पाटलांना अख्ख्या गावादेखत पोरीशी वाद घालायचा नव्हता. त्यांनी हात हलवला, उरका म्हणून.

अब्बा उठून उभे राहिले आणि नेहमीच्या ठरलेल्या आवाजात विचारलं, "नवस कुणाचा?" पाटील म्हणाले, "माझा. दादाराव पाटलाचा." आता अब्बांनी हात उचलायचे आणि फातिहा सुरू करायची. त्यांनी हात उचलले नाहीत. म्हणाले, "पाटील, राग धरू नका. रीत अशी हाय की ज्यानं बोलला त्यानं सांगायचं. तुम्ही बोलले व्हते?" पाटील म्हणाले, "घरचा नवस म्हंजी माझाच." अब्बा म्हणाले, "घर तुमचं बराबर. नवस कुणी बोलला, मी ते इचारून राह्यलो." आणि मग माझे अब्बा, ज्यांनी गावात कधी कुणापुढं आवाज चढवला नाही, ते पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बाया अजून गेल्या नव्हत्या. त्यांनी पुन्हा विचारलं, "नवस कुणाचा?"

मला वाटलं, संपलं, आता अब्बांची अजानही गेली आणि अब्रूही. मग गोदाकाकूनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "माझा. गोदावरीचा. दवाखान्यात बोलले व्हते." पाटील ताडकन उठले. "तू घरी जा," म्हणाले. ती म्हणाली, "जाते की. त्या कागदावर माझं नाव चालतंय, मंग पिराफुडं का न्हाई?" अब्बांनी हात उचलले आणि गोदावरीबाईच्या नावानं फातिहा पढायला सुरुवात केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं नाही, आनंदानं आणि भीतीनं, दोन्हींनी.

पाटील न जेवता निघून गेले. बाकी कुणी गेलं नाही, कारण मटण भिंतीबाहेर न्यायचं नाही आणि टाकायचंही नाही, अशी रीत असल्यावर माणसं करणार काय. पंगतीत त्या दिवशी राजकारणाचं एक अक्षर निघालं नाही, म्हणजे माझ्या निरीक्षणाचा तसा बट्ट्याबोळच झाला. पंगत उठल्यावर मी पातेल्यातलं मटण एका परातीत घेतलं आणि भिंतीवर नेऊन ठेवलं. भिंतीवर, बाहेर नाही. गोदाकाकूनं घेतलं, शिंद्यांच्या सुनेनं घेतलं, आमच्या अम्मानं घेतलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्याचा नुसता वास घेतला, ते मटण त्यांनी उभ्या उभ्या भाकरीशी खाल्लं. अम्मानं पहिला घास खाल्ला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "नमक जादा हुआ. मर्दां पकाए तो ऐसाच होता." खरंच फार खारट होतं. तरी परात रिकामी झाली.

पुढच्या शुक्रवारी मशिदीतून अजान आली ती दुसऱ्याच आवाजात. अब्बा अंगणात बसून होते. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली, उत्तरात म्हणायचे ते शब्द ओठांतल्या ओठांत म्हटले आणि नमाजाला गेले. मागच्या ओळीत उभे राहिले. पाटलांच्या घरचं बोलावणं बंद झालं, खळ्यावरची ज्वारीही. निवडणूक गोदाकाकू जिंकली आणि कारभार बरीच वर्षं पाटलांनीच केला. मी काही कुणाचं नशीब पालटलं असं सांगत नाहीये. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. पानं चाळत त्यांनी विचारलं, "हे सगळं ठीक, पण यात इस्लाम कुठे आहे?" मी म्हटलं, सर, एका प्रश्नापायी ज्याची अजान गेली त्या माणसापाशी आहे. तो अजूनही फजरला उठतो. त्यांनी मला जेमतेम पास केलं. अब्बांना मी विचारलं होतं, तुम्हाला वाईट वाटतं का? म्हणाले, "वाटतं. पर सुरी आता बराबर चालती." मला आजही अब्बांसाठी वाईट वाटतं आणि त्यांची अजान काढून घेणाऱ्यांचा रागही येतो. पण पुन्हा तो दिवस आला तर मी पुन्हा भिंत ओलांडीन, आणि अब्बा पुन्हा पाठ फिरवतील, याबद्दल मला शंका नाही.

अब्बांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. सलीमचं जालन्यात गॅरेज आहे. तो कंदुरीला हात लावत नाही, त्याला ते पटत नाही आणि मी त्याच्याशी भांडत नाही. हलाल करायला परतूरकडून एक मुलाणी येतो. पण त्याला आमच्या गावचा प्रश्न माहीत नव्हता, म्हणून पहिल्याच वर्षी बाया जालन्याला माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, फातिहा तो पढंल, पर इचारायचं कुणी? तेव्हापासून विचारते मी. आता दर्ग्याला लोखंडी बोर्ड लावला आहे, महिलांना प्रवेश नाही. अलीकडे गावातली दुसऱ्या बाजूची, म्हणजे हिंदूंची, पोरंही येऊन सांगून गेली की मावशी, हा पीर तुमचा नव्हेच, तुम्ही कशाला येता. कमिटीची पोरं म्हणतात, खाला, हा इस्लाम नव्हेच, तुम्ही कशाला जाता. दोन्हीकडच्यांना मी चहा पाजते आणि विचारते, बाळांनो, तुमच्या आईनं पिराला काय मागितलं होतं, विचारलंय का कधी घरी? कुणीही अजून उत्तर घेऊन परत आलेलं नाही.

यंदाही जाणार आहे. शिंद्यांच्या त्या सुनेची नात नर्सिंगला लागली, तिची कंदुरी आहे. माझे गुडघे गेले आहेत, भिंत गुडघाभर असली तरी आता आधाराशिवाय ओलांडता येत नाही, आणि तिथं धरायला त्या बोर्डाखेरीज दुसरं काही नाही. मी बोर्डाचा खांब घट्ट धरते, एक पाय आत टाकते, मग दुसरा. मुलाणी लोबान पेटवतो. मी पंगतीकडे पाठ करते आणि बायांकडे तोंड करून विचारते, नवस कुणाचा? मागून कुणी कितीही घसा खाकरला तरी मी वळत नाही. उत्तर समोरून येतं.